साडीच्या काठावर वर्णपट: कमला सोहोनींचं प्रतीकचित्र रंगवताना

शास्त्रज्ञ बाईचं चित्र काढायचं म्हटलं की हात आपोआप ठरावीक वस्तूंकडे जातो. चंबू, सूक्ष्मदर्शक, मागे अणूची वर्तुळं, नाहीतर डीएनएची शिडी. मीही तेच केलं होतं. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं पहिलं चित्र रंगवलं तेव्हा त्यांच्या खांद्यामागे डीएनएची सुंदर निळी शिडी काढली. चित्र बघायला आलेल्या रसायनशास्त्राच्या एका शिक्षिका बराच वेळ समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही शिडी उलगडली 1953 साली. कमलाबाई केंब्रिजहून परत आल्या 1939 साली. शिडी आहे, पण बाईंचं काम कुठे आहे यात?"

त्या प्रश्नानंतर मी तो कॅनव्हास पुन्हा पांढरा केला. तेव्हापासून एक नियम पाळतो: चित्रातलं प्रत्येक चिन्ह त्या व्यक्तीच्या कामाच्या टेबलावरून उचललेलं हवं. "विज्ञान" नावाच्या सामाईक पेटीतलं एकही नको. हा लेख त्या नियमावर बेतलेला आहे. अठरा बाय चोवीस इंचांचा उभा कॅनव्हास, ॲक्रिलिक रंग, आणि साधारण आठ ते दहा बैठका, रोज दोन तास धरून. ज्यांनी आधी दोन-चार व्यक्तिचित्रं केली आहेत त्यांना हे सहज जमेल. अगदी नवख्यांनी आधी चेहऱ्याचा नुसता एकरंगी अभ्यास करून मग इकडे वळावं.

ब्रश हातात घेण्याआधी

पहिली बैठक वाचनाची. कमलाबाईंचा जन्म 18 जून 1911, इंदूरचा. माहेरचं आडनाव भागवत, लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे लोक ज्याला टाटा इन्स्टिट्यूट म्हणत तिथे, शिकलेले. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी मिळवून 1933 मध्ये कमलाबाईंनी बंगळूरच्या त्याच संस्थेत अर्ज केला आणि संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कारण एकच, त्या स्त्री होत्या. त्या थेट बंगळूरला जाऊन ठाण मांडून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींसह: पहिलं वर्ष नुसतं पारखून बघण्याचं, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं, आणि प्रयोगशाळेचं वातावरण बिघडवायचं नाही. वर्षभरानंतर रामन यांना आपलं मत बदलावं लागलं आणि संस्थेचं दार पुढच्या मुलींसाठीही उघडलं.

पुढे केंब्रिज, न्यूनहॅम कॉलेज. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना दिसलं की वनस्पतीच्या पेशींमध्येही सायटोक्रोम सी असतं. श्वसनाच्या साखळीत इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारं हे लोहयुक्त लाल प्रथिन. त्यांचा प्रबंध अवघ्या 40 पानांचा होता. 1939 मध्ये पीएच.डी. घेऊन त्या परतल्या. केंब्रिजमधून विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. मग दिल्ली, कुन्नूर आणि शेवटी मुंबईची इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, जिथे त्या पुढे संचालक झाल्या. मुंबईत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्यं, दूध आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर काम केलं. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

एवढं वाचून झाल्यावर वहीत दोन रकाने पाडा. डावीकडे घटना, उजवीकडे त्या घटनेतली डोळ्यांना दिसणारी वस्तू. "अन्याय झाला" ही वस्तू नाही, "दार" ही वस्तू आहे. "संशोधन केलं" ही वस्तू नाही, "कापलेला बटाटा" आहे. माझ्या वहीत असे चौदा-पंधरा जोड झाले होते. त्यांतले पाच ठेवले: दार, बटाटा, वर्णपट, 40 पानं, नीरेचं मडकं.

बाकीचे का सोडले तेही सांगतो, कारण चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा जास्त घातल्यामुळे. केंब्रिजचे मनोरे सोडले. ते पर्यटनाच्या चित्रात शोभतात. पदवीचा झगा आणि टोपी सोडली, कारण ती हजारोंनी घातली. रामन यांचा चेहरा तर मुद्दाम सोडला. तो चित्रात आला की बघणाऱ्याची नजर त्या चेहऱ्यावर खिळते आणि कमलाबाईंचं चित्र रामन यांच्याबद्दलचं होऊन बसतं. दार पुरे.

आणखी एक मोह आपल्याकडे फार जबर आहे: बाई विदुषी असली की तिची सरस्वती करायची. मागे प्रभावळ, हाती पुस्तक, शुभ्र वस्त्र. राजा रविवर्म्यांची सरस्वती घराघरात पोचली, तिचा हा ठसा आहे. पण देवीला दारावर अडवलं जात नाही आणि देवीला पहाटे प्रयोगशाळेत जावं लागत नाही. प्रभावळ काढली की या बाईचे कष्ट पुसले जातात. तेव्हा डोक्यामागे गोल उजेड नको, म्हणजे नकोच.

कोणत्या वयाच्या कमलाबाई?

हे आधी ठरवा, कारण त्यावर चित्राचं नावसुद्धा अवलंबून आहे. त्यांचं लग्न 1947 साली झालं. बंगळूर आणि केंब्रिजच्या वयातली मुलगी रंगवली तर ती कमला भागवत. मी विशीतल्या शेवटाचं वय निवडलं, 1938-39 च्या सुमाराचं.

तरुणपणीची छायाचित्रं कृष्णधवल आहेत आणि फार नाहीत. एकाच छायाचित्रावरून जसंच्या तसं उतरवू नका. एक तर आपल्याकडे आता छायाचित्रावर छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत हक्क राहू शकतो, त्यामुळे चित्र विकायचं किंवा छापायचं असेल तर अडचण येऊ शकते. दुसरं आणि माझ्या मते महत्त्वाचं, एका क्षणाच्या छायाचित्रात भिडस्तपणा असतो, स्टुडिओतला ताण असतो. मिळतील ती सगळी छायाचित्रं समोर ठेवा, उतारवयातलीसुद्धा. वयानं गाल उतरतात, केस पिकतात, पण डोळ्यांमधलं अंतर, कपाळाची ठेवण, नाकाचा कणा आणि हनुवटी तीच राहते. चार-पाच छायाचित्रांत जे समान दिसेल तो खरा चेहरा. त्याची पेन्सिलनं निदान सहा लहान रेखाटनं करा. सहाव्या रेखाटनापर्यंत हात छायाचित्र सोडून माणूस काढायला लागतो.

सामान

कॅनव्हासला जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या लेपाचे, दोन हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा. प्रत्येक हात वाळल्यावर 220 नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवा. चेहऱ्याला गुळगुळीत जमीन लागते. बाजारातल्या तयार कॅनव्हासची वीण गालावर फार दिसते.

रंग सात पुरतात: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्लू, क्रिमसन आणि एक स्वच्छ पिवळा. साडीच्या काठासाठी हिरवा, नारिंगी आणि जांभळा घरी मिसळता येतो, पण हिरव्याची एक ट्यूब वेगळी आणली तर काम सोपं होतं. काळा रंग आणूच नका. ब्रश: एक इंची चपटा, 8 नंबरचा गोलसर टोकाचा चपटा, 4 आणि 2 नंबरचे गोल, आणि बारीक रेषेसाठी लांब केसांचा एक. शिवाय पारदर्शक थरांसाठी ग्लेझिंग मीडियमची बाटली.

ॲक्रिलिक आपल्या उन्हाळ्यात पॅलेटवर पाच मिनिटांत सुकतं. स्टीलच्या ताटात ओलं सुती फडकं घडी करून अंथरा, त्यावर बटर पेपर पसरा आणि रंग त्यावर काढा. खालून ओल मिळत राहते आणि रंग दिवसभर मऊ राहतो. रात्री वर दुसरं ताट पालथं घातलं की दुसऱ्या दिवशीही चालतो.

मांडणी

कॅनव्हासवर दोन-दोन इंचांची चौकट आखा: आडवे नऊ चौकोन, उभे बारा. आकृती मध्यावर नको, किंचित उजवीकडे सरकवा. चेहरा डावीकडे तीन चतुर्थांश वळलेला. डाव्या कडेला उभं, अर्धवट उघडं दार. सगळा प्रकाश त्या फटीतून येतो.

ही फट हेच या चित्राचं यंत्र आहे. प्रकाशाचा एकच उगम ठेवा, खोलीत दुसरा दिवा नको. दाराची फट दोन इंचांपेक्षा रुंद करू नका. सताड उघडं दार काढलं तर गोष्टच संपते, आणि बंद काढलं तर ती खोटी ठरते. फटीबाहेर पहाटेचं आकाश आणि शिंदीचं एक झाड, त्याच्या मानेला बांधलेलं मडकं. झाड जेमतेम चार इंच उंच दिसेल, तेवढंच हवं.

कुणी म्हणेल, बंगळूरचं दार 1933 चं आणि नीरेचं काम मुंबईतलं, त्यानंतरचं. मग एकाच फटीत कसं? प्रतीकचित्रात काळ असा दुमडता येतो. दाराबाहेर तिचं पुढचं आयुष्य दिसतंय, असं ते वाचलं जातं. माझ्या डीएनएच्या शिडीत चूक काळाची होती, त्याहून मोठी ही की ते काम दुसऱ्यांचं होतं.

पहाट का, तर नीरा पहाटेची असते. संध्याकाळी झाडाला मडकं लावतात, रात्रभर रस ठिबकतो आणि सूर्य वर यायच्या आत उतरवतात, कारण ऊन चढलं की ती आंबायला लागते आणि ताडी होते. मडक्याला आतून चुना लावतात तो हे आंबणं लांबवण्यासाठी. म्हणून मडक्याच्या काठावर पांढरी कड दाखवा, 2 नंबरच्या ब्रशचा एकच फटकारा. ज्यानं गावाकडे नीरा उतरवताना पाहिली आहे त्याला ती कड लगेच कळते.

खालच्या भागात टेबलाची कड, त्यावर कागदांची चळत आणि चळतीवर उजवा हात. डाव्या तळहातात कापलेला बटाटा, कापलेली बाजू आपल्याकडे.

चेहऱ्याचं रेखाटन

चौकटीच्या आधारानं चेहरा उतरवा. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर. नवशिक्यांचे डोळे नेहमी वर जातात कारण आपण केस मोजत नाही. केसांच्या रेषेपासून भुवई, भुवईपासून नाकाचं टोक, तिथून हनुवटी, हे तीन भाग जवळपास सारखे. चेहरा वळलेला असल्यामुळे दूरच्या बाजूचा डोळा अरुंद दिसतो आणि दूरचा गाल भुवईखाली आत वळून पुन्हा बाहेर येतो. ती बाह्यरेषा साम्याचा प्राण आहे, तिच्यावर अर्धा तास घालवा. विणायची सुई हातभर लांब धरून अंतरं मोजा. मग चित्र आरशात बघा. जी चूक तासभर दिसली नाही ती आरशात क्षणात दिसते.

रेघा पटल्या की बर्न्ट अंबर पाण्यात पातळ करून बारीक ब्रशनं पक्क्या करा आणि पेन्सिलची चौकट पुसून टाका.

आधी हिरवा, मग लाल

आता मला या चित्रातली सर्वांत आवडणारी गोष्ट. युरोपातले जुने चित्रकार कातडीखाली आधी मातकट हिरव्याचा थर देत आणि त्यावर गुलाबी-तांबूस पारदर्शक थर चढवत. खालचा हिरवा वरच्या लालीतून झिरपतो आणि कातडी जिवंत दिसते. कमलाबाईंच्या चित्राला ही पद्धत अशी काही लागू पडते की जणू त्यांच्यासाठीच होती: वनस्पतीच्या पेशीत त्यांनी श्वसनाचं लाल प्रथिन दाखवलं. हिरव्याच्या पोटात लाल. बघणाऱ्याला हा थर दिसणार नाही, पण रंगवणाऱ्याला ठाऊक असतो, आणि माझा अनुभव आहे की हात त्यामुळे वेगळा चालतो.

कृती अशी. यलो ऑकर, थोडा अल्ट्रामरीन, चिमूटभर बर्न्ट अंबर यांचा मातकट हिरवा करा. त्यात पांढरा वाढवत नेऊन ताटात पाच छटा मांडा, गडद ते फिकट. डोळे किलकिले करून संदर्भ बघा म्हणजे बारकावे गळतात आणि फक्त उजेड-अंधाराचे आकार उरतात. ते आकार या पाच छटांनी भरा. प्रकाश डावीकडून, तेव्हा कपाळाचा डावा भाग, नाकाचा कणा, डावा गाल फिकट. डोळ्याची खोबण, नाकाची उजवी बाजू, खालच्या ओठाखाली आणि हनुवटीखाली मानेवर गडद. या टप्प्यावर चेहरा पितळेच्या पुतळ्यासारखा दिसेल. घाबरू नका आणि घाईनं गुलाबी लावू नका. साम्य इथेच यायला हवं. हिरव्या थरात चेहरा ओळखू येत नसेल तर पुढच्या कोणत्याही रंगानं तो येणार नाही.

ॲक्रिलिक वाळल्यावर एक छटा गडद होतं, कारण ओला असताना दुधाळ दिसणारा त्यातला चिकट भाग वाळून पारदर्शक होतो. म्हणून मिसळतानाच एक छटा फिकट मिसळा.

पूर्ण वाळल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, ग्लेझ. बर्न्ट सिएनात अगदी थोडी क्रिमसन, एक भाग रंगाला आठ-दहा भाग मीडियम. मऊ ब्रशनं अख्ख्या चेहऱ्यावर पातळ पसरवा, लगेच सुक्या ब्रशनं हलकं झाडून घ्या. वाळू द्या. असे तीन-चार थर. गाल, नाकाचा शेंडा, कानाची पाळी आणि बोटांची पेरं यांना क्रिमसन जरा जास्त. डोळ्यांखाली, कानशिलावर आणि जबड्याच्या कडेला एखादाच थर द्या, तिथे हिरवा राहू द्या. मग उजेडाच्या जागी ऑकर, सिएना आणि पांढरा यांचं जाडसर मिश्रण चढवा. शुद्ध पांढरा चेहऱ्यावर कुठेच नको; आपल्याकडे व्यक्तिचित्रात बाईला गोरं करण्याची खोड आहे, तिला इथे थारा देऊ नका. कृष्णधवल छायाचित्रातली फिकट छटा म्हणजे गोरा रंग नव्हे, ती स्टुडिओतल्या दिव्याची किमया असते.

केसांसाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर सारखे मिसळा, सुंदर निळसर काळा मिळतो. बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकला की जो रंग येतो, अगदी तो. हे प्रतीक नाही, रंगाचा मेळ आहे, पण मला तो मेळ पाहून आनंद होतो.

साडीचा काठ

साडी साधी ठेवा, धुरकट पांढरी किंवा फिकट राखी. सगळं बळ काठाला द्या, कारण या काठात त्यांचा शोध विणलेला आहे.

सायटोक्रोम सी ओळखायचं कसं? ते असलेल्या द्रावातून पांढरा प्रकाश सोडायचा आणि वर्णपट बघायचा. वर्णपटाच्या सप्तरंगी पट्टीत काही जागी काळपट पट्टे दिसतात; तेवढा प्रकाश प्रथिनानं गिळलेला असतो. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी 1925 मध्ये असे पट्टे पाहून सायटोक्रोम हे नाव दिलं होतं. इलेक्ट्रॉन घेतलेल्या सायटोक्रोम सीचा ठळक, रेखीव पट्टा 550 नॅनोमीटरला असतो (नॅनोमीटर हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप), त्याच्या शेजारी थोडा फिकट आणि पसरट पट्टा 520 च्या आसपास, आणि जांभळ्या टोकाशी 415 ला एक दाट पट्टा. पहिले दोन्ही हिरव्या भागात येतात. हिरवा गिळला जातो म्हणून द्राव गुलाबीसर लाल दिसतो.

पदर डाव्या खांद्यावरून खाली येतो तिथे काठाची बारा इंच लांबी दिसेल अशी व्यवस्था रेखाटनातच करा. खालचं टोक 400 नॅनोमीटर, खांद्याजवळचं 700. म्हणजे एक इंचाला 25 नॅनोमीटर. आता खालून मोजा. शून्य ते दोन इंच जांभळा-निळा. दोन ते साडेतीन निळा, आकाशीकडे झुकत जाणारा. साडेतीन ते पावणेसात हिरवा, वर जाताना पोपटी. पावणेसात ते साडेसात पिवळा, अगदी अरुंद. साडेसात ते पावणेनऊ नारिंगी. तिथून बारापर्यंत लाल, खांद्याशी काळवंडत जाणारा. शेजारचे रंग ओले असतानाच एकमेकांत मिसळा, कडा दिसता कामा नयेत. काठाची रुंदी सव्वा इंच पुरे.

वाळल्यावर पट्टे. सहा इंचांवर 550 चा: पाव इंचाहून अरुंद, कडा स्वच्छ, अल्ट्रामरीन-अंबरच्या गडद मिश्रणाचा. चार इंच आणि पाऊण इंचाच्या किंचित पुढे 520 चा: तोच रंग मीडियममध्ये अर्धा पातळ, दुप्पट रुंद, कडा विरलेल्या. आणि तळाशी, अर्ध्या इंचाच्या जरा वर, 415 चा दाट पट्टा. सुताराच्या पट्टीनं मोजून काढा, अंदाजानं नको. लांबून बघणाऱ्याला हा इंद्रधनुषी काठ वाटेल, जवळून बघणाऱ्या जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला पट्टे दिसतील आणि ती थबकेल. माझ्या चित्रापुढे अशी एक मुलगी थबकलेली मी पाहिली. तिनं बोटानं हवेत अंतर मोजलं आणि आपल्या आईला सांगितलं, "आई, हे खरंच साडेपाचशे आहे." इतक्या मापाची खटपट त्यासाठी करायची.

काठ पदराच्या चुण्यांबरोबर वळतो. वळणाच्या सावलीत तेच रंग थोडे अंबर घालून गडद करा, नाहीतर काठ चिकटवल्यासारखा दिसेल.

ब्लाउज सायटोक्रोमच्या रंगाचा: क्रिमसन, थोडा ऑकर, पांढरा. तोच गुलाबी खालच्या पापणीत आणि ओठांत फिरवला की चित्र एकसंध होतं.

बटाटा, पानं आणि भिंत

बटाटा समोर ठेवून रंगवा, आठवणीतून नाही. विळीवर मधोमध चिरा आणि खिडकीत ठेवा. कापल्याबरोबर पृष्ठभाग ओलसर, फिकट पिवळा असतो आणि त्यावर बारीक पाणी फुटतं. सालीच्या आत तीन-चार मिलीमीटरवर एक अस्पष्ट कडं दिसतं. थोड्या वेळानं कापलेली बाजू तपकिरी पडायला लागते. मी ताजा कापलेला क्षण रंगवतो, कारण प्रयोग तेव्हा सुरू होतो. ऑकर आणि पांढऱ्यात हिरव्याचा नुसता भास, आणि ओलाव्याचे तीन लहान ठिपके.

तळहातासाठी घरातल्या कुणाला तरी खिडकीपाशी बटाटा धरून बसवा, उजेड डावीकडून येईल असं. आयत्या संदर्भातून हात घेतला की त्यावरचा प्रकाश चेहऱ्याशी भांडतो.

कागदांच्या चळतीला समोरून कडा दिसतात. त्या 40 काढा. लांब केसांच्या ब्रशनं, पाण्यासारख्या पातळ अंबरनं, चाळीस बारीक आडव्या रेघा. इंचभर उंचीत त्या सहज बसतात. चळत मुद्दाम पातळ दिसू द्या. इतक्या थोड्या पानांत पदवी मिळाली हीच त्यातली ताकद आहे. वरच्या पानावर अक्षरं काढू नका. हात त्यावर ठेवलेला आहे, तेवढं पुरतं.

भिंत राहिली. कच्च्या बटाट्याचा कीस काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात घेऊन शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, तर पिष्टाचे (स्टार्चचे) कण दिसतात: लंबगोल, आणि त्यांवर एका टोकाजवळच्या बिंदूभोवती सरकत गेलेल्या रेषा, शिंपल्यावर असतात तशा. ही माझ्या भिंतीची नक्षी. भिंतीचा मूळ रंग राखाडी-तपकिरी, त्यावर फक्त एक छटा फिकट रंगानं हे कण, दीड ते तीन इंचांचे, एकमेकांवर न चढणारे. दाराजवळ जरा स्पष्ट, उजव्या कोपऱ्यात अंधारात विरलेले. रेषांचं केंद्र मध्यावर घेऊ नका. मध्यावर घेतलं की कांदा दिसतो. डोक्याच्या थेट मागे एकही कण नको, नाहीतर नको म्हटलेली प्रभावळ मागच्या दारानं आत येते.

शेवटच्या दोन बैठका

चित्र भिंतीकडे तोंड करून दोन दिवस ठेवा. मग लांबून बघा, आठ-दहा फुटांवरून. पहिल्यांदा चेहरा दिसला पाहिजे, मग काठ, मग दाराची फट. नजर आधी काठाकडे गेली तर काठाच्या वरच्या एक-तृतीयांश भागावर अंबरचा पातळ ग्लेझ देऊन त्याचा आवाज खाली आणा. बटाटा आणि पानं सावकाश सापडली तरी चालतील. मडकं तर काहींना दुसऱ्या भेटीत दिसतं, आणि ते ठीक आहे.

डोळ्यातला उजेडाचा ठिपका सगळ्यात शेवटी. सवयीनं तो गोल पडतो. इथे उजेड दाराच्या उभ्या फटीतून येतोय, म्हणून बुबुळावरचा ठिपका उभा, सुतासारखा बारीक हवा. 2 नंबरच्या ब्रशच्या टोकावर पांढऱ्यात ऑकरचा अंश, श्वास रोखून, प्रत्येक डोळ्यात एकदाच. चुकला तर ओल्या कापसानं लगेच टिपून घ्या आणि वाळल्यावर पुन्हा लावा. दार तिच्या डोळ्यांत दिसायला लागतं ते या दोन रेघांनी.

आठवडाभर वाळू द्या, पावसाळा असेल तर दोन आठवडे. मग मंद चकाकीच्या ॲक्रिलिक वार्निशचे दोन पातळ हात, पंखा बंद करून, म्हणजे धूळ बसत नाही. कॅनव्हासच्या मागे लाकडी पट्टीवर पेन्सिलनं लिहून ठेवा: कमला भागवत, पुढे सोहोनी, 415, 520, 550, पानं 40, दार 1933.